भिंतीवरचे सत्तावीस फोटो

४ नोव्हेंबर

मावशी,

नमस्कार. सुखरूप पोचले. फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून ठरल्याप्रमाणे पत्र.

आधी कामाचं सांगते, म्हणजे ‘खारू तिकडं नुसती उंडारतेय’ असं तू म्हणणार नाहीस. मोठ्या देवालयाभोवतीचा रस्ता रुंद करणार आहेत. त्यासाठी दोनशे चौदा घरं पडणार. पाडायच्या आधी नोंद म्हणून प्रत्येक घराचे तीन फोटो काढायचे: दर्शनी भिंत, उंबरठा आणि आतली एक खोली. दारांवर लाल खडूनं आकडे घातलेत. मी ट्रायपॉड लावते, भिंतीला मापाची काठी टेकवते आणि घरची माणसं माझ्या मागं उभी राहून बघत बसतात. काल एका बाईनं मला थांबवलं आणि आधी उंबरठा पुसून घेतला. पडणारच आहे तो, पण फोटोत मळका नको म्हणे.

गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून यात्रेकरूंचा जथा आला तर भिंतीला पाठ लावून पालीसारखं चिकटावं लागतं. देवालयाच्या पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या खोल झाल्यात. पहाटे घंटा वाजते तेव्हा माझ्या खोलीच्या खिडकीची काच थरथरते. सोबत सहा फोटो पाठवतेय.

आईला जाऊन सात महिने झाले. या गावाचं नाव काढलं की ती म्हणायची, ‘मी पाच वर्षांची होते, मला काय आठवणार? मावशीला विचार.’ म्हणून तुला विचारते. आपलं घर कुठल्या गल्लीत होतं? तुमच्या दोघींचा लहानपणचा एकही फोटो आपल्याकडे नाही. निदान तुमच्या दाराचा तरी असू दे.

तुझी,
खारू

---

११ नोव्हेंबर

चि. खारू,

सुखी राहा. पत्र दोनदा वाचलं, एकदा चष्म्यानं आणि एकदा भिंगानं. फोटो छान आलेत. दुसऱ्या फोटोत कमान आहे ना, तिच्याखाली चपला सांभाळणारी एक म्हातारी बसायची. गावातल्या सगळ्या चपला तिला तोंडपाठ होत्या, माणसं मात्र ओळखायची नाही. पायरी झिजलीय म्हणतेस, ती आमच्या वेळीही झिजलेलीच होती. तेवढ्यानं हुरळून जाऊ नकोस.

तुझे आजोबा तिथं अंगणात यात्रेकरूंचे फोटो काढायचे, हे तुला सांगितलं होतं की नाही आठवत नाही. लाकडी पेटीचा कॅमेरा, वर काळं फडकं, मागं रंगवलेला पडदा. पडद्यावर तळं आणि दोन हंस. एका हंसाची मान वाकडी झाली होती, तिथं जाड माणसाला उभं करायचे. साऱ्या जगाचे फोटो काढले, पण घरच्यांचा एकही नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

घर दिवेवाल्यांच्या गल्लीत होतं. पुरात पडलं. आता तिथं काही सापडायचं नाही, उगाच पायपीट करू नकोस. आणि पूर्ववेशीच्या बाहेर जाऊ नकोस. तिकडं नुसती झुडपं आणि भटकी कुत्री.

सूनबाई सांगतेय, जेवणाची वेळ चुकवू नकोस. माझा गुडघा आहे तसाच आहे.

मावशी

---

१९ नोव्हेंबर

मावशी,

तुझ्या बोलण्यावर विसंबून दिवेवाल्यांच्या गल्लीत गेले. ती गल्ली गावातली सगळ्यात उंच! तिथं पूर यायचा तर आधी अख्खं गाव बुडायला हवं. मी तसं विचारलं तर बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

पण गेले ते बरं झालं. गल्लीच्या टोकाला एक म्हातारे दिवेवाले भेटले. वय नव्वदीच्या घरात, कान शाबूत. मी म्हटलं, अंगणात फोटो काढणारे एकजण होते, मागं हंसांचा पडदा. त्यांचा चेहरा एकदम उजळला. ‘हलूनका?’ म्हणाले. आजोबांना सारं गाव ‘हलूनका’ म्हणायचं म्हणे, कारण फडक्याखाली डोकं घातलं की ते ओरडायचे, ‘हलू नका!’ आणि रस्त्यावरची गाढवंसुद्धा थांबायची. मी पोटभर हसले. मावशी, ही असली गोष्ट तू चाळीस वर्षं माझ्यापासून कशी काय लपवलीस?

मग ते म्हणाले, ‘सोन्यासारखा माणूस. बायकोपायी धंदा बसला बिचाऱ्याचा. तिचं ते...’ आणि एकदम गप्प झाले. मी कोण, असं विचारलं. मी म्हटलं, नात. त्यावर म्हणाले, ‘उन्हं उतरली, दुकान बंद करायचंय.’ तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

आजीचं काय झालं होतं, मावशी?

खारू

---

२७ नोव्हेंबर

खारू,

मी म्हातारी झाले, गल्ली चुकली असेल. त्यावरून एवढं काय?

तुझी आजी आणि आजोबा तापाच्या साथीत एका आठवड्यात गेले. मी सतरा वर्षांची होते, तुझी आई पाच. तिला घेऊन मी इकडं आले आणि पुस्तकं बांधायच्या कारखान्यात कामाला लागले. एवढीच गोष्ट आहे. तुझ्या आईला एवढीच ठाऊक होती आणि तिचं काही अडलं नाही. शिकली, चांगल्या घरी पडली, सुखानं संसार केला.

गाडलेलं उकरू नये. काम उरक आणि परत ये. आणि आता फोटो पाठवू नकोस, माझे डोळे दुखतात.

मावशी

---

९ डिसेंबर

मावशी,

पूर्ववेशीबाहेर झुडपं नाहीत. वसाहत आहे.

मी उकरायला गेले नव्हते. माझ्या यादीतले शेवटचे एकवीस आकडे तिथले आहेत, एकशे चौऱ्याण्णव ते दोनशे चौदा. एका ओळीत बैठ्या खोल्या, पुढं लांब ओसरी, मागं झाडी. फाटकावरची पाटी उतरवलीय, पण भिंतीवर तिच्या अक्षरांचा फिकट ठसा अजून वाचता येतो. कुष्ठरोग्यांची वसाहत. आता तिथं नऊजण उरलेत. सगळे केव्हाच बरे झालेत, पण बरं होऊन जायचं कुणाकडं? त्यांना बघणाऱ्या सिस्टर चाळीस वर्षं तिथंच आहेत.

दोनशे सातची खोली बंद होती. सिस्टरनी कुलूप काढलं. मी काठी टेकवायला आत गेले आणि समोरच्या भिंतीवर आई होती.

सहा वर्षांची आई. शेजारी सात वर्षांची. मग आठ. ओळीनं लावलेले सत्तावीस फोटो, पारदर्शक कागदाखाली. दोन वेण्या, मग एक वेणी, मग अंबाडा. लग्नातली. मग मांडीवर बाळ घेतलेली, आणि ते बाळ मी. शेवटच्या फोटोत मी सहा वर्षांची आहे, पुढचा दात पडलेला. तो दिवस मला आठवतो, मावशी. तू दरवर्षी आमच्याकडं यायचीस आणि आल्या दिवशी आम्हाला स्टुडिओत घेऊन जायचीस. त्या स्टुडिओतल्या दिव्यांनीच मला या धंद्याचं वेड लावलं. फोटो मात्र कधी घरी आला नाही. आई विचारायची आणि तू म्हणायचीस, ‘त्या मेल्यानं काच फोडली.’ सत्तावीस वर्षं तो काच फोडत होता का?

मी एक फोटो उलटा करून पाहिला. मागं ‘वय ७’. तुझा सात मी कुठंही ओळखेन, शेपटी खाली ओढलेला.

सिस्टर इथं आल्या तेव्हा आजी या खोलीत राहायची. म्हणजे आई बत्तीस वर्षांची होईपर्यंत तिची आई जिवंत होती. मी सहा वर्षांची होईपर्यंत मला आजी होती. आणि तू मला तापाच्या साथीची गोष्ट सांगतेस.

तू यातल्या एकाही फोटोत नाहीस. फक्त पहिल्यात, आईच्या खांद्यावर एक हात आहे. बाकीची तू चौकटीबाहेर. आई चुळबुळ करत असणार आणि तू तिला धरून ठेवलं असशील. सिस्टर म्हणाल्या, नवीन कुणी आलं की आजी त्यांना भिंतीपाशी न्यायची आणि सगळ्यात आधी तो हात दाखवायची. म्हणायची, ‘ही माझी थोरली.’

दोनशे सातचे फोटो मला त्या दिवशी काढता आले नाहीत. दुसऱ्या दिवशी काढले. पाठवत नाही. तुझे डोळे दुखतात.

खारू

---

२० डिसेंबर

चि. खारू,

आठ दिवस पत्र उशाखाली ठेवून झोपले. मुलगा विचारत होता, बरं नाही का? म्हटलं, गुडघा.

आता सगळं लिहिते. तुझ्या आजीच्या हातावर आधी एक चट्टा आला. मग चुलीवरचं भांडं ती नुसत्या हातानं उचलायला लागली आणि भाजलेलं तिला कळेना. शेजारणीनं पाहिलं. आठ दिवसांत सारं गाव बाबांच्या पडद्यापुढून बाजूला झालं. पाणी भरायला गेलं की माझ्यासाठी लोक नळ मोकळा सोडायचे. मान म्हणून नाही. तुझ्या आईशी खेळायला कुणी येईना. ती दारात बसून स्वतःशीच दोन आवाजांत बोलायची, एकदा ती आणि एकदा मैत्रीण.

माझ्या आईला वसाहतीत नेलं तेव्हा बाबा तिच्याबरोबर फाटकाशीच राहायला गेले. मला म्हणाले, ‘धाकलीला घेऊन जा. इथं तिला माणूस म्हणून वाढता यायचं नाही. तिला कळायला लागलं की सगळं सांग आणि घेऊन ये. तोवर वर्षातून एक फोटो पाठव. तुझी आई तेवढ्यावर जगेल.’

फोटो पाठवले. सांगितलं मात्र नाही.

आधी वाटलं, लहान आहे. मग शाळेत पहिली आली, वाटलं आता नको. मग स्थळं यायला लागली. एवढं कळलं असतं तर कुणी उंबरठ्यावर उभं केलं असतं का? माझंही लग्न झालं होतं, तिकडंही मी साथच सांगितली होती. एकदा सांगितलेलं खोटं रोज जेवायला मागतं, खारू. मी ते पोसलं. बाबा सहा वर्षांत गेले. ते कळलं तेव्हा मी कारखान्यात होते. खळ ढवळत होते, ढवळतच राहिले. पत्रं कारखान्याच्या पत्त्यावर यायची. वाचायचे आणि खळीच्या शेगडीत घालायचे.

आईची बोटं गेली होती, म्हणून शेवटची पत्रं तिची सोबतीण लिहायची. शेवटच्या पत्रात होतं: ‘आता सगळे बरे झालोत. फाटक उघडं असतं. धाकलीला आणू नकोस, तिला त्रास नको. तू एकदा ये. तुझा चेहरा कसा झालाय ते मला माहीत नाही.’

मी गेले नाही. तुम्हा दोघींचा फोटो काढला आणि पाठवला. तुझा दात पडलेला. दोन महिन्यांनी ती गेल्याचं पत्र आलं.

मला रोगाची भीती नव्हती. ती मला बघून हसेल, जराही रागावणार नाही, याची भीती होती.

तू मला काय म्हणायचं ते म्हण. एकाच गोष्टीचं समाधान आहे. तुझी आई यातलं काही न कळता गेली. तिच्या वाटचं ओझं मी उचललं. तेवढं तरी माझ्या हातून धड झालं.

मावशी

---

६ जानेवारी

मावशी,

हे पत्र मी तीनदा फाडलं. तू शेवटी लिहिलंस ते तसंच राहू द्यावं, असं वाटत होतं. पण आपल्या घरात आता आणखी एक झाकलेली गोष्ट मला सोसणार नाही. आधी खुर्चीत बस आणि मग वाच.

आईला माहीत होतं.

आजीनंतर त्या खोलीत तिची सोबतीण राहिली. ती भिंतीला कुणाला हात लावू द्यायची नाही. आठ वर्षांपूर्वी ती गेली. खोली आवरताना सिस्टरना शेवटच्या फोटोच्या मागं स्टुडिओचा शिक्का आणि आमच्या घराचा पत्ता सापडला. तू फोटो घरपोच मागवला असशील, नाहीतर स्टुडिओवाल्यानं सवयीनं लिहिला असेल. सिस्टरनी पत्र टाकलं आणि दहा दिवसांत आई इथं आली. आम्हाला म्हणाली होती, मैत्रिणीच्या मुलीचं लग्न आहे.

सिस्टर म्हणाल्या, ती सकाळी आली आणि दुपारपर्यंत भिंतीसमोर उभी होती. खुर्ची दिली तरी बसली नाही. रडलीही नाही. मग मागच्या झाडीत गेली. तिथं आजीची जागा आहे, दगडावर फक्त आकडा आहे. तिथं मात्र बसली. सिस्टरनी भिंतीवरचे फोटो उतरवून द्यायला सुरुवात केली तर नको म्हणाली. ‘तिच्यासाठी पाठवलेत. तिच्याच भिंतीवर राहू देत.’

निघताना तिनं सिस्टरकडून वचन घेतलं. माझ्या बहिणीला यातलं काही कळता कामा नये. सिस्टरनी विचारलं, का? आई म्हणाली, ‘तिला वाटतंय, तिनं मला वाचवलं. आणि वाचवलंच की. पण मला कळलंय हे तिला कळलं, तर तिच्या हातात काय राहील?’

सिस्टर मला हे आधी सांगायला तयार नव्हत्या. आई गेलीय हे मी सांगितलं तेव्हा त्या ओट्यावर टेकल्या. म्हणाल्या, मग आता वचन कुणासाठी पाळू?

मावशी, मी गेल्या पत्रात फार कडू लिहिलं. त्यातलं खोटं काही नाही, पण मी सतरा वर्षांची असताना मला साधी घराची किल्ली सांभाळता येत नव्हती.

माझं काम महिनाअखेर संपतंय. पुढच्या कामासाठी मला दूर जावं लागेल. वसाहत मार्चमध्ये पाडणार आहेत.

तुझी,
खारू

---

२६ फेब्रुवारी

चि. खारू,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला दीड महिना लागला. आधी हात चालेना. मग मी तिथं जाऊन आले. ते सांगते.

तुझं पत्र वाचलं आणि मला आठवायला लागलं. गेली आठ वर्षं तुझी आई उन्हाळ्यात माझ्याकडं यायची. दुपारी आम्ही दोघी शेंगा सोलत बसायचो. कधी कधी ती सोलता सोलता थांबायची आणि माझ्याकडं बघायची. मी म्हणायचे, ‘काय गं?’ ती म्हणायची, ‘काही नाही.’ आणि माझ्या वाटच्या शेंगाही स्वतःच्या ताटात ओढायची. मला वाटायचं, माझी बोटं दुखतात म्हणून. आठ उन्हाळे, खारू. दोघींना माहीत आणि दोघी शेंगा सोलतोय. एकीनं जरी तोंड उघडलं असतं तर दोघी मिळून आईसाठी रडलो असतो. आता मला एकटीला रडावं लागतं आणि ते पुरत नाही.

दुसऱ्या आठवड्यात रविवारी सगळे जेवत होते. मी म्हटलं, ‘माझ्या आईला कुष्ठरोग होता. ती तापानं गेली नाही. मी तिला सोडून आले.’ सूनबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. मुलगा उठून आत गेला. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, ‘बाबांनासुद्धा कधी सांगितलं नाहीस?’ म्हटलं, नाही. म्हणाला, ‘आम्ही काय तुला घराबाहेर काढलं असतं?’ मी म्हटलं, ‘तेव्हा काढलं असतं. आता नाही. पण ते ‘आता’ कधी आलं, ते मला कळलंच नाही.’ तो बराच वेळ माझा गुडघा चेपत बसला. मग त्यानंच तिकिटं काढली.

सिस्टर फाटकाशी उभ्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला आणि बघत राहिल्या. आता त्यावर नुसत्या शिरा आहेत. पण त्या म्हणाल्या, ‘आलात.’ जणू काल बोलावलं होतं.

खोली लहान आहे. एवढी लहान असेल असं वाटलं नव्हतं. खाट, कोनाडा, खिडकीतून झाडी. मी खाटेवर बसले. तिथून पडल्या पडल्या पूर्ण भिंत दिसते. तिनं जागा बरोबर निवडली होती. फोटोवाल्याची बायको ना.

मुलगा दारात उभा होता. मी त्याला बाहेर जा म्हटलं नाही. त्याच्यासमोरच मी तिच्याशी बोलले. धाकली किती शिकली, तुझा दात परत आला, कारखान्यात मी तीस वर्षं कशी काढली, बाबांचं कळलं त्या दिवशी घरी येऊन मी कशी स्वयंपाकाला लागले. सगळं. ते ऐकून ती हसली असती की रडली असती, मला सांगता येत नाही. सत्तावीस वर्षं मी तिला एक ओळसुद्धा लिहिली नव्हती, फोटोमागं नुसतं वय. उत्तर येणार नाही हे ठाऊक होतं. तरी थोडा वेळ थांबले.

मग झाडीत गेलो. मुलानं मला दगडापाशी बसवलं आणि स्वतः जरा लांब उभा राहिला. उठताना त्यानं आणि सिस्टरनी धरून उठवावं लागलं.

फोटो आम्ही घेऊन आलो, कारण भिंतच राहणार नाही. त्यासाठी कचेरीत फॉर्म भरावा लागला. खिडकीत एक कारकून होता, बिचारा सर्दीनं बेजार. रुग्णाचं नाव विचारलं. साठ वर्षांत मी आईचं नाव मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. पहिल्यांदा नीट निघेना, त्यानं ‘काय?’ म्हटलं. मी परत सांगितलं, मोठ्यानं. मागच्या रांगेतल्या माणसांनी वळून पाहिलं असेल, मी बघितलं नाही.

‘तुमचं नातं?’

‘मुलगी.’

त्यानं लिहून घेतलं. मग नाक पुसत विचारलं, ‘आणखी कुणी आहे का?’

‘एक होती,’ मी म्हटलं. ‘ती माझ्या आधी येऊन गेली.’

मावशी